बुडालेली जहाजं आणि भीमथडी



एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रात बुडालेल्या जहाजांवर बोलायचं मी ठरवलं, तेव्हा या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मोकळ्या मनाने होकार दिला, याबद्दल त्यांचे आभार. समुद्र कुरकुंभपासून दोनएकशे किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्री. तरी हा विषय आपल्या गावाला परका नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीतून निघणारे टँकर आणि कंटेनर न्हावाशेव्याच्या बंदराकडे जातात. 7 ऑगस्ट 2010 रोजी त्या बंदरातून बाहेर पडणारं 'एमएससी चित्रा' आणि मुंबईत येणारं 'खलिजिया' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात गेले, त्यात कीटकनाशकांचेही होते, आणि तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. कोळ्यांची मासेमारी थांबली, बंदराची वाहतूक काही दिवस बंद पडली. घाटावरच्या कारखान्यात भरलेलं पिंप समुद्रात बुडू शकतं, हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण आज मला दोनशे वर्षं मागे जायचं आहे. त्या काळात बुडालेल्या काही जहाजांनी आपल्या भीमथडीच्या आणि शेजारच्या शिरूरच्या इतिहासाला हात लावलेला आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याचा उल्लेख सापडत नाही.

आधी त्या काळच्या प्रवासाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सुएझचा कालवा नव्हता, वाफेची बोट नव्हती. इंग्लंडहून मुंबईला यायचं तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने. सगळा भरवसा वाऱ्यावर. आपल्या किनाऱ्यावर ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळतो, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा लोटल्या जातात. हे वेळापत्रक कोकणातल्या पोरालाही ठाऊक. परंतु विषुववृत्ताच्या खाली समुद्राचं वेळापत्रक उलटं आहे. तिथे मॉरिशस, रॉड्रिग्ज, मादागास्कर या भागात चक्रीवादळांचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. आता पाहा, मद्रास किंवा गॉलहून ईशान्येचा चांगला वारा धरून जानेवारी-फेब्रुवारीत निघालेलं जहाज नेमकं कधी मॉरिशसजवळ पोचणार? वादळांच्या ऐन भरात. शिवाय मॉरिशस तेव्हा फ्रेंचांकडे, म्हणजे आसऱ्याला बंदर नाही. आपल्या बाजूचा शांत मोसम संपायच्या आत निघायचं, तर पलीकडच्या वाईट मोसमात शिरावं लागायचं. एकामागून एक जहाजं त्याच पट्ट्यात का गेली, याचं मोठं कारण हे आहे.

1807 च्या जानेवारीत ॲडमिरल थॉमस ट्रूब्रिज हा नेल्सनचा जुना सहकारी 'ब्लेनहाइम' या युद्धनौकेवरून मद्रासहून केपकडे निघाला. जहाज 1761 सालचं, म्हणजे शेहेचाळीस वर्षांचं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत ते एकदा रुतून बसलं होतं, तळाला पाणी झिरपत होतं, पंप सारखे चालू ठेवावे लागत. जाऊ नका असं सांगणारे होते. ॲडमिरलने ऐकलं नाही. सोबत 'जावा' नावाचं डचांकडून जिंकलेलं जहाज आणि 'हॅरियर' नावाचं छोटं जहाज होतं. 1 फेब्रुवारीला रॉड्रिग्जजवळ वादळाने गाठलं. 'हॅरियर'ने दोन्ही जहाजांना संकटाच्या खुणा दाखवताना पाहिलं, मग पावसाच्या पडद्याआड ती दिसेनाशी झाली. दोन्ही मिळून आठशेहून अधिक माणसं होती. एक फळीसुद्धा हाती लागली नाही. ॲडमिरलचा मुलगा स्वतः जहाज घेऊन बापाला शोधत फिरला आणि रिकाम्या हाताने परतला.

पुढची दोन वर्षं ईस्ट इंडिया कंपनीला फार महागात गेली. 1808 च्या नोव्हेंबरात 'ग्लोरी', 'लॉर्ड नेल्सन' आणि 'एक्स्पेरिमेंट' ही तीन मालवाहू जहाजं मायदेशी जाताना नाहीशी झाली. 1809 च्या मार्चमध्ये त्याच समुद्रात आणखी चार गेली: 'कलकत्ता', 'बेंगाल', 'लेडी जेन डंडास' आणि 'जेन, डचेस ऑफ गॉर्डन'. 'लेडी जेन डंडास'वर मद्रासच्या फौजेचा सेनापती मॅकडॉवल होता. गव्हर्नर बार्लोशी भांडून, जाता जाता अधिकाऱ्यांना चिथावणारा हुकूम काढून तो निघाला होता. मागे मद्रासच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंड केलं, आणि ज्याच्यामुळे ते पेटलं तो माणूस तळाला गेलेला. चार महिन्यांत सात जहाजं गेल्यावर कंपनीने चौकशी केली. जहाजं नीट बांधलेली होती का, माल बेताचा भरला होता का, सगळं विचारलं गेलं. वादळाला जाब विचारता येत नाही, पण जुन्या जहाजात गळ्यापर्यंत माल भरून वाईट महिन्यात त्याला लोटणाऱ्याला विचारता येतो. माझ्या मते दोष वाऱ्याइतकाच हिशेबनिसांचा होता.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. 'जावा' हे नाव लक्षात ठेवा. पहिली 'जावा' 1807 मध्ये गेल्यावर इंग्रजांनी तेच नाव दुसऱ्या जहाजाला दिलं. 1811 साली मादागास्करजवळ जिंकलेलं 'रेनोमे' हे फ्रेंच जहाज 'जावा' झालं. 1812 च्या नोव्हेंबरात ही दुसरी 'जावा' इंग्लंडहून मुंबईकडे निघाली. कप्तान हेन्री लँबर्ट. जहाजावर एक खास प्रवासी: लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. हे मुंबई इलाख्याच्या फौजेचे सेनापती म्हणून रुजू व्हायला निघाले होते. पोटात माल होता तोही मुंबईचाच. वाडियांच्या गोदीत तयार होत असलेल्या 'कॉर्नवॉलिस' या मोठ्या युद्धनौकेच्या तळाला मढवायचे तांब्याचे पत्रे होते, आणि मुंबईत बांधायच्या एका नव्या फ्रिगेटचे नकाशे.

या नकाशांचं महत्त्व कळायला मुंबईच्या गोदीत डोकवावं लागेल. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून त्यांच्या घराण्यात जहाजबांधणीची मुख्त्यारी चालत आली. मलबारच्या सागाची जहाजं ते बांधत. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडचा ओक संपत आला होता, आणि साग पाण्यात ओकपेक्षा जास्त टिकतो. सागाला लावलेला लोखंडी खिळा ओकमधल्यासारखा लवकर गंजत नाही. म्हणून इंग्रजांच्या नौदलाने आपल्या लढाऊ जहाजांचं काम जमशेटजी बोमनजी वाडियांकडे सोपवलं. 1810 साली त्यांनी 'मिंडेन' पाण्यात सोडलं. नव्या फ्रिगेटचं काम सुरू करायला कागद हवे होते, आणि ते कागद 'जावा'वर होते.

29 डिसेंबर 1812. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, बाहियाच्या समोर 'जावा'ला अमेरिकेचं 'कॉन्स्टिट्यूशन' भेटलं. इंग्लंड-अमेरिका युद्ध जून महिन्यातच सुरू झालं होतं. 'जावा'चे बरेच खलाशी नवखे, जबरदस्तीने भरती केलेले. तोफांचा सराव त्यांनी आदल्या दिवशी पहिल्यांदा केला, तोही बिनगोळ्याचा. दुपारी दोनच्या सुमारास लढाई जुंपली. सुरुवातीलाच 'जावा'च्या गोळ्याने 'कॉन्स्टिट्यूशन'चं सुकाणूचाक उडवलं. अमेरिकन कप्तान बेनब्रिज जखमी झाला, पण त्याने खालच्या मजल्यावर माणसं उभी करून दोरांनी सुकाणू हलवत जहाज चालवलं. 'जावा'च्या डोलकाठ्या एकेक करून कोसळल्या. कप्तान लँबर्टला गोळी लागली, काही दिवसांत तो वारला. मेलेल्यांचे आकडे दोन्ही बाजूंनी वेगवेगळे दिले, ते आजही जुळत नाहीत. घरी ओढून नेण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून अमेरिकनांनी 'जावा'चं सुकाणूचाक काढून आपल्या जहाजाला बसवलं आणि 'जावा' पेटवून दिली. तांबं गेलं. मुंबईचे नकाशे गेले. हिस्लॉप कैदी झाले, मग पुन्हा लढणार नाही असा शब्द देऊन सुटले आणि मुंबईऐवजी इंग्लंडला परतले.

इथून पुढची गोष्ट आपल्या दाराशी येते. नकाशांची दुसरी प्रत मुंबईत आली. जहाजाचा कणा बसवायला 1816 साल उजाडलं. चालीप्रमाणे जमशेटजींनी त्यात चांदीचा खिळा ठोकला. ते जहाज, 'त्रिंकोमाली', 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरलं. त्या तारखेला पुण्यात काय चाललं होतं हे आपल्याला माहीत आहे. बाजीराव पेशवे फौज जमवत होते, इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरच्या बंगल्यात बसून पत्रं लिहीत होते. महिनाही झाला नाही तो 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली.

आणि थॉमस हिस्लॉप? त्यांना 1814 मध्ये मुंबईऐवजी मद्रासच्या फौजेचं सेनापतिपद मिळालं. 1817 मध्ये पेंढारी आणि मराठ्यांविरुद्ध 'दख्खनची फौज' उभी राहिली, तिचे मुख्य हेच हिस्लॉप. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला त्यांनी होळकरांचा पराभव केला. याच फौजेची चौथी तुकडी जनरल स्मिथच्या हाताखाली होती, आणि तिचं ठाणं होतं घोडनदीकाठची शिरूरची छावणी. 31 डिसेंबरच्या रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटनची पलटण याच छावणीतून निघाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचली. त्या दिवसाबद्दल या भागातल्या श्रोत्यांना मी काही सांगायला नको. मला फक्त एवढं दाखवायचं आहे की शिरूरच्या त्या शिपायांचा सर्वांत वरचा सेनापती पाच वर्षांपूर्वी ब्राझीलच्या समुद्रात हरलेल्या जहाजावरून उतरवलेला कैदी होता. 'जावा' वाचली असती तर हिस्लॉप मुंबईत आले असते, मद्रासला दुसरा कुणी गेला असता, आणि दख्खनच्या फौजेची मांडणी वेगळ्या हातात गेली असती. त्यामुळे पेशवाई वाचली असती असं मी म्हणणार नाही. ती बुडाली त्याची कारणं पुण्यातच होती. पण आपल्या इतिहासातल्या माणसांच्या वाटा समुद्राने ठरवल्या होत्या, हे मात्र खरं.

या गोष्टीतली दोन जहाजं आजही तरंगताहेत. 'कॉन्स्टिट्यूशन' बॉस्टनमध्ये, 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. मुंबईच्या पारशी मिस्त्रींनी आणि सुतारांनी घासलेल्या सागाच्या फळ्या दोनशे वर्षांनंतरही पाण्यात तग धरून आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. सरकारी सहलींना लंडन पाहणाऱ्या मंडळींनी एक दिवस तिकडे काढावा.

आणखी एक जहाज सांगतो, कारण त्याचं पाणी अक्षरशः आपल्याकडे येतं. 1805 साली जमशेटजी जीजीभॉय हा बावीस वर्षांचा तरुण व्यापारी 'ब्रुन्सविक' जहाजावरून चीनच्या फेरीवर होता. गॉलजवळ फ्रेंच ॲडमिरल लिन्वाने जहाज पकडलं. जमशेटजींचा माल गेला, अंगावरच्या कपड्यांनिशी ते आफ्रिकेच्या टोकाला उतरले. खुद्द 'ब्रुन्सविक' त्याच वर्षी सायमन्सच्या उपसागरात आपटून फुटलं. एका डॅनिश जहाजाने जमशेटजी कसेबसे कलकत्त्याला पोचले. पण या दुर्दैवी प्रवासात त्यांची ओळख जहाजावरचा तरुण डॉक्टर विल्यम जार्डिनशी झाली, आणि पुढे चीनच्या व्यापारात दोघांनी प्रचंड पैसा केला. तो पैसा बराचसा अफूचा होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. त्यातल्या मोठ्या देणगीतून 1850 साली पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा झाला. बंडगार्डनचा बंधारा तो हाच. त्याच्यावरून वाहणारं पाणी थेऊर, राहूच्या शिवारांतून येतं आणि रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं. दौंडच्या पुलाखालून तेच जातं.

मालाचं काय, असा प्रश्न साहजिक आहे. जहाज बुडालं की कुणाचं दिवाळं निघायचं? आपल्याकडच्या सराफांनी यावर फार शहाणी तोड काढली होती: जोखमी हुंडी. माल पाठवणारा व्यापारी त्या मालावर हुंडी लिहायचा, सराफ ती थोडी कमी रक्कम देऊन विकत घ्यायचा. माल सुखरूप पोचला तर पलीकडच्या व्यापाऱ्याने हुंडीचे पूर्ण पैसे चुकते करायचे. तारू बुडालं तर हुंडी बुडाली, नुकसान सराफाचं. कर्ज आणि विमा एकाच कागदावर. लंडनमध्ये लॉइड्सच्या कॉफीगृहात जे काम चाले, ते आपल्या पेढीवर गादीवर बसून होत होतं. भीमथडीशी याचा संबंध घोड्यांमुळे येतो. ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांची घोडदळं उभी राहिली, त्यांच्या रक्तात अरबी घोड्याचा वाटा आहे, आणि अरबी घोडा इराणच्या आखातातून बगल्यांत उभा राहून समुद्रमार्गे यायचा. वादळात जहाज हलकं करायला आधी माल पाण्यात जातो. किती उमदी जनावरं त्या वाटेत संपली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मृत्यूंच्या नोंदींकडे मी मुद्दाम शेवटी आलो. त्या काळच्या बातम्यांत बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाचं नाव असतं, अधिकाऱ्यांची नावं असतात, केबिनमधल्या बायामुलांची नावं असतात. सारंग, तांडेल, खलाशी, भंडारी यांचा नुसता आकडा, तोही अंदाजे. युद्धाच्या काळात गोरे खलाशी नौदल ओढून नेत असे, म्हणून परतीच्या जहाजांवर आपल्या देशातले खलाशी भरले जात: कोकणातले, गुजरातेतले, बंगालातले. कंपनीच्या जहाजांचं निदान नाव तरी छापून आलं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या फत्तेमाऱ्या आणि मचवे लाकूड, नारळ, मीठ घेऊन निघायचे आणि एखाद्या तुफानात नाहीसे व्हायचे. त्यांची आठवण फक्त घरच्या माणसांना. बंदराच्या तोंडाशीही माणूस सुरक्षित नव्हता. 1840 च्या जूनमध्ये 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' आणि 'लॉर्ड कॅसलरे' ही दोन जहाजं महिनोन्‌महिन्यांचा प्रवास संपवून मुंबईच्या दारात आली आणि तिथल्याच खडकांवर फुटली. कुलाब्याच्या टोकाच्या प्राँग्ज खडकावर दीपस्तंभ उभा राहायला त्यानंतर पस्तीस वर्षं लागली. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट बुडाली तेव्हासुद्धा शेकडो चाकरमानी, कोळी, शेतकरी मुंबईच्या हाकेच्या अंतरावर गेले.

आपल्या कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्या लढाईकडे कुणी कसंही पाहो, त्या दगडावर साध्या माणसांची नावं आहेत म्हणून दर 1 जानेवारीला लाखो लोक तिथे येतात आणि ती वाचतात. नाव कोरलं की माणूस दोनशे वर्षांनीही आपला पूर्वज म्हणून सापडतो. समुद्रात गेलेल्या आपल्या खलाशांसाठी असा दगड पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी उभा राहिला पाहिजे, ही माझी मागणी आहे. मुंबईत गेटवेजवळ, किंवा वाडियांच्या गोदीच्या भिंतीला लागून. नावं मिळतील तेवढी कोरावी, मिळणार नाहीत तिथे जहाजाचं नाव आणि तारीख कोरावी.

आणि ती नावं कुठून मिळतील? थोडीफार तुमच्या घरातून. शिरूर, दौंड, पाटस, सुपे या भागात सावकारीची, घोड्यांच्या व्यापाराची, पलटणीतल्या नोकरीची जुनी घराणी आहेत. माळ्यावर, देवघराच्या फडताळात, लाल रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रं अजून निघतात. त्यात मुंबईची हुंडी असेल, कोकणातल्या व्याह्यांचं पत्र असेल, 'तारू पोचले नाही' अशी एखादी ओळ असेल. ती कागदपत्रं रद्दीत घालू नका, वाळवी लागू देऊ नका, आणि घरी चिकटपट्टीने चिकटवायलाही जाऊ नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुणे पुराभिलेखागार आहे. तिथली माणसं मोडी वाचतात आणि कागद मोडणार नाही अशा रीतीने हाताळतात. नेऊन दाखवा. ज्यांना प्रवास जमत नाही त्यांनी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे आपलं नाव द्यावं, कागद दाखवायची सोय आपण मिळून करू.